सुई का तुटली

माझा धाकटा भाऊ जाईल तिथे एकच गोष्ट सांगतो. कॅनडातल्या विंडसरमध्ये आम्ही मराठी माणसे मोजकीच. त्यामुळे ती गोष्ट एव्हाना सगळ्यांना पाठ झालेली आहे. ‘दादाने वहिनीला स्वस्तातले खेळणे आणून दिले. ते तिच्या तोंडावर फुटले. डोळा थोडक्यात वाचला. आणि उलट दादाने मलाच मारले.’ यातले शेवटचे वाक्य खरे आहे. मी त्याला मारले. दोनदा मारले, पहिला फटका हुकला, दुसरा नीट बसला.

दूर पश्चिम किनाऱ्यावर बर्नाबीला राहणारी माझी मुलगी वेगळेच सांगते. तिच्या मते दोन हट्टी म्हातारे एका मशीनवरून हातघाईवर आले आणि मध्ये आई सापडली. तेही खोटे आहे. मध्ये कोणी सापडले नव्हते. रक्त आधी आले, मारामारी नंतर झाली. ज्यांना क्रम सांगता येत नाही त्यांनी गोष्टी सांगू नयेत.

मशीनची निवड मी केली होती आणि ती बरोबर होती. हे मी मूर्खपणाने म्हणत नाही. येथे मोटारींच्या आसनांची कव्हरे शिवणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षे काढली. नऊ वर्षे मशीनवर बसून, उरलेली वर्षे मशीन दुरुस्त करण्यात. तिसऱ्या वर्षी सुई माझ्या डाव्या तर्जनीच्या नखातून आत शिरली, हाडाला टेकली, वर आली, आणि मी पेडलवरचा पाय उचलेपर्यंत आणखी दोनदा तिथेच उतरली. शेजारच्या पोलिश बाईने माझे मनगट आपल्या गुडघ्याखाली दाबून धरले आणि पक्कडीने ती उपसून काढली. मी ओरडत होतो. फोरमन धावत आला आणि त्याने प्रथम चामड्याला डाग लागला का ते पाहिले. तेव्हापासून सुई कशी चालते, कशाने वाकते आणि कशाने तुटते, हे मला कोणी शिकवू नये. भाऊ गाड्या विकायचा. त्याने तर मुळीच शिकवू नये.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणे परतले, चालणे परतले. उजवा हात परतला तो अर्धाच. तो उचलला जाई, ठेवला जाई, परंतु त्याला स्पर्श कळत नसे. एकदा तिने तो तळहात तापलेल्या तव्यावर टेकवला आणि करपल्याचा वास आला तेव्हा तिला कळले. तिने हात उचलून पाहिला, जणू दुसऱ्याचाच होता. मी किंचाळलो, ती किंचाळली नाही. हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मी ठेवले नाही.

मुलीला दिवस गेल्याचे कळले त्या आठवड्यात पत्नीने ट्रंक उघडली आणि माझ्या आईची दोन नऊवारी लुगडी बाहेर काढली. आई गेल्यावर गावाहून मी तेवढीच आणली होती. पहिल्या बाळाने पणजीच्या लुगड्यांच्या गोधडीवर निजावे, एवढीच तिची इच्छा होती. पूर्वी तिने हातानेच धावदोरा घातला असता. आता ते शक्य नव्हते. वाचनालयात गोधडी शिवणाऱ्या नवशिक्यांचा वर्ग दर मंगळवारी भरत असे. मशीन ज्याचे त्याने आणायचे. मार्चअखेर ती बाळंतपणासाठी बर्नाबीला जायची होती. तोवर गोधडी पुरी व्हायची आणि राहिले-साहिले काम मशीनसह विमानाने न्यायचे, असा तिचा बेत होता.

“मी सोडतो की गाडीने. मशीन मी उचलतो,” मी म्हणालो.

“आणि बर्नाबीला?”

“तिथेही येईन.”

“अहो, आंघोळीला तुम्ही बसवता. बटणं तुम्ही लावता. कुकरचं झाकणही तुम्हीच. एक वस्तू तरी माझी मला उचलू द्या.”

माझे पहिले पाऊल चुकले, आणि ते मी लपवत नाही. एका विधवेच्या बेसमेंटमधून मी जुने, काळे, ओतीव लोखंडाचे मशीन फुकटच्या भावात उचलून आणले. तसले मशीन शंभर वर्षे टीप मारते. पत्नीने त्याच्या मुठीत डावा हात घातला, ते टेबलाच्या कडेपर्यंत ओढले आणि उचलले. क्षणभर ते हवेत राहिले. मग तिच्या मनगटाने दगा दिला. स्वयंपाकघरातल्या दोन फरशांचे तुकडे उडाले. तिच्या पायाची करंगळी एका बोटाच्या अंतराने वाचली.

“छान आहे,” ती फुटलेल्या फरशीकडे पाहत म्हणाली. “बाळाच्या बापाला मारायचं असेल तर उपयोगी पडेल.”

त्यानंतर आम्ही रीतसर दुकानात गेलो. दुकानदार लेबनीज होता, मऊ बोलणारा. मी घरून जुन्या जीन्सचे तुकडे आणि सुती कापडाच्या घड्या नेल्या होत्या. त्याने पुढे केलेले पहिले मशीन पिसासारखे हलके होते. मी त्याखाली आठ पदर सरकवले आणि पेडल तळाशी दाबले. ते टेबलावरून बेडकासारखे उड्या मारत निघाले आणि कडेवरून पडता पडता दुकानदाराने झेलले. दुसऱ्याची सुई जाड शिवणीवर थरथरली. तिसऱ्याचा दोरा खालून पिंजला. मी चारी मशीनांना असेच झोडपले. दुकानदार कपाळाचा घाम पुसत होता. मशीन विकत घेण्यापूर्वीच त्याला मारून पाहावे. नंतर ते तुम्हाला मारते.

चौथे टिकले. त्याच्या प्लास्टिकच्या अंगाआत धातूचा सांगाडा होता. कापड पुढे ढकलणारे दाते खाली पाडता येत होते. जाड थर सरकू न देणारा जादा पाय त्याला जोडता येत होता. बॉबिन वरूनच टाकायची, पारदर्शक झाकणाखाली. आणि सुईत दोरा ओवायला एक छोटी खिटी होती, जी एका हाताने चालत असे. माझ्यासारख्याला ती खिटी म्हणजे चोचले. एकाच हाताच्या माणसाला ती म्हणजे दुसरा हात. टाके मोजून अठरा. किंमत आमच्या आवाक्यातली.

“ह्यात फुलं, बदकं येत नाहीत,” दुकानदाराने सांगितले.

“मला सरळ टीप हवी. बदकं नदीवर पुष्कळ आहेत,” पत्नी म्हणाली. तिने डाव्या हाताने मशीन उचलले आणि ती दारातून बाहेर पडली. भर जानेवारीत, कोटाची बटणे न लावता. दुकानदार “मॅडम, मॅडम!” करत मागे धावला.

“चोरत नाहीये,” मी त्याला अडवले. “वजन करतेय.”

पार्किंगमधल्या गाड्यांना बर्फातून एक पूर्ण वळसा घालून ती परतली. नाक लाल, श्वास फुललेला. मशीन काउंटरवर आपटून म्हणाली, “दुधाच्या दीड पिशव्या. जमेल.” येथे दूध चार लिटरच्या पिशवीत मिळते, तेच तिचे माप होते. भाऊ ज्याला खेळणे म्हणतो ते मशीन असे निवडले गेले.

भावाने येथे एक गोष्ट नेहमी गाळलेली आहे. दुसऱ्याच दिवशी तो एक प्रचंड खोके घेऊन आला. आत पडद्यावर बोट फिरवून चालवायचे, दोनशे टाक्यांचे मशीन होते.

“वहिनी, हे बघा! टचस्क्रीन! दादा, तू बस आयुष्यभर सवलतीची कूपनं कापत. गोधडी शिवायची तर मशीन कसं पाहिजे, टॉप क्लास!”

“एका हाताने उचल,” मी म्हणालो.

“कशाला?”

“उचल म्हणतो ना.”

त्याने डाव्या हाताने उचलले, तीन पावले टाकली, कंबर धरली आणि ते सोफ्यावर टाकून दिले.

“भाऊजी, मशीन छानच आहे,” पत्नी गोड आवाजात म्हणाली. “फक्त सोबत एक हमाल पाठवा. तुम्ही आलात तरी चालेल.”

मी हसलो. मोठ्याने हसलो, आणि ते त्याने कधीच विसरले नाही. खोके परत गेले. त्या दिवसापासून त्याला आमच्या मशीनचे एखादे चाक तरी निखळलेले पाहायचे होते.

लुगडी कापण्याची वेळ आली तेव्हा माझा हात चालेना. वर्गात सांगितलेले गोल पाते घेऊन मी बसलो आणि तसाच बसून राहिलो. आईच्या अंगावरची ती हिरवी किनार होती. शेवटी पत्नीने काठाला कात्रीने चीर पाडली, एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे आपल्या दातांत धरले, डाव्या मुठीला पीळ दिला आणि मागे सरली. लुगडे किंचाळत फाटले. बैठकीच्या खोलीत सत्तरी ओलांडलेली दोन माणसे एका मेलेल्या बाईचे वस्त्र रस्सीखेच करून फाडत होती, आणि दर पट्ट्यागणिक हिचे डोळे अधिक चमकत होते. तिच्या ओठाला धाग्याने चीर पडली. “ओढा!” ती दातांतून म्हणाली. “मेल्यासारखे काय धरून बसलात!”

दर मंगळवारी ती मशीन मांडीवर घेऊन बसने गेली. पेडल डाव्या पायाने, कापडाला दिशा डाव्या हाताने. उजवा तळहात कापडावर वजनासारखा ठेवलेला. हळूहळू टीप सरळ येऊ लागली. वर्गातल्या बाया तिला दार उघडून द्यायला पुढे आल्या की ती खांद्याने दार ढकलून आधीच आत शिरे. ती इतकी आनंदी मी कित्येक वर्षांत पाहिलेली नव्हती, आणि मला त्या आनंदात काही हिस्सा हवा होता. हे लिहायला मला आवडत नाही, परंतु तेच खरे आहे.

माझी आई गोधडी शिवायची तेव्हा मध्यभागी, दोन थरांच्या आत, भाकरीचा तुकडा ठेवायची. ‘गोधडीचं पोट उपाशी ठेवू नये,’ ती म्हणायची. ‘उपाशी गोधडी माणसाला ऊब देत नाही.’ ती कडेपासून टाके घालायला सुरुवात करी, चारी बाजूंनी फिरत फिरत आत येई, आणि पोट सर्वांत शेवटी बंद होई. भाकरी मऊ असे, नखाएवढी. हाताच्या सुईला ती लागली की बोटे आपोआप वळसा घेत.

पत्नीला आता भाकरी थापता येत नव्हती. तेव्हा ती मी थापली. किराणा दुकानातून ज्वारीचे पीठ आणले, आणि ती हाताच्या व्यायामाला दवाखान्यात गेली असता माझ्या आयुष्यातली पहिली भाकरी केली. ती कौलासारखी जाड झाली. बुरशी येऊ नये म्हणून तिचा तुकडा मी घर तापवणाऱ्या भट्टीच्या गरम हवेच्या जाळीवर दोन दिवस वाळवला. दगड झाला. मग तीन थर तात्पुरत्या टाक्यांनी जोडून ठेवलेली गोधडी मी उचलली, मधला टाका उसवला, तुकडा आत सरकवला आणि टाका पुन्हा घातला. कोणाला सांगितले नाही. कडेपासून पोटापर्यंत यायला तिला दोन आठवडे लागणार होते. त्याआधी एखाद्या संध्याकाळी मी तिचा डावा हात धरून मध्यावर ठेवणार होतो आणि म्हणणार होतो, ओळख, काय आहे?

वर्गात शिकवतात ते उलट असते. तेथे मध्यापासून सुरू करतात, म्हणजे सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात. मशीनसाठी तीच पद्धत योग्य आहे. मला, एकतीस वर्षे मशीनवर काढलेल्या माणसाला, हे सुचले नाही. कारण त्या क्षणी मी मशीनचा विचार करत नव्हतो, आईचा करत होतो.

शनिवारी दुपारी भाऊ नेहमीप्रमाणे चहाला आला. पत्नी जेवणाच्या टेबलाशी मशीन मांडून बसली होती. तिने चष्मा कपाळावर ढकलला होता. मी चहा गाळत होतो. तिने गोधडी गुंडाळून मध्य सुईखाली आणला, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत तिने पेडल दाबले होते. सुईजवळ कापडावर तिचा उजवा हात होता. कोणत्याही जिवंत हाताला तो उंचवटा लागला असता. मशीन कुरकुरले. तिने पेडल आणखी दाबले.

कडकन आवाज झाला. सुईचा तुकडा तिच्या डाव्या डोळ्याखाली, पापणीच्या अगदी काठाशी घुसला. ती ओरडली नाही. ‘हं’ एवढाच आवाज तिने केला, आणि रक्त गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून आईच्या लुगड्यावर ठिबकू लागले.

“सांगत होतो!” भाऊ उठला. “सांगत होतो ना, खेळणं आहे म्हणून! चार पैसे वाचवायला वहिनीचा डोळा घालवलास!” आणि त्याने मशीन उचलले, वायर भिंतीतून उपटली गेली, आणि ते त्याने बेसमेंटच्या जिन्यावरून खाली फेकले. होय, त्याने. मी फेकले असे तो मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सांगतो. बारा पायऱ्या, मी प्रत्येक पायरीवरचा आवाज ऐकला.

मी मारलेला पहिला ठोसा त्याच्या कानावरून गेला. दुसरा तोंडावर बसला, आणि त्याच्या वरच्या कृत्रिम दातांची पट्टी फरशीवर पडून घरंगळली. त्याने मला फ्रिजवर आदळले. माझी बरगडी मोडल्याचे मला ऐकू आले. मी त्याची कॉलर धरली, त्याने माझा गळा. आम्ही दोघे लहानपणी शेतातल्या बांधावर असेच भांडत असू. तेव्हा आई चिंचेची फोक घेऊन येई. आता कोणी येणार नव्हते.

“भांडा, भांडा,” मागून आवाज आला. पत्नी एका हाताने डोळ्याखाली नॅपकिन दाबून उभी होती आणि फोन खांद्यात धरलेला होता. “अँब्युलन्सवाले विचारतायत, किती पेशंट? सध्या एक सांगितलाय. तुमचं उरकलं की आकडा वाढवते.”

आकडा तीन झाला. इमर्जन्सीत आम्हा तिघांना शेजारशेजारचे पडदे मिळाले. एका तरुण पोलिसाने येऊन विचारले, कोणाला तक्रार करायची आहे का? भाऊ दातांविना काही बोलला ते पोलिसाला कळले नाही. मला कळले, आणि ते येथे लिहिण्याजोगे नाही. डॉक्टरने तुकडा काढला. डोळा शाबूत होता. चार टाके पडले.

पडद्याआडून पत्नीने मला विचारले, “सुई का तुटली हो?”

उत्तर माझ्या तोंडात तयार होते. पलीकडच्या पडद्याआड भाऊ ऐकत होता. ज्याला मी जानेवारीत मोठ्याने हसलो होतो तो भाऊ.

“सुई खराब असेल,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून जो कोणी मशीनला नावे ठेवी त्याच्याशी मी भांडलो. मुलीशी फोनवर भांडलो. “बाबा, enough! आईला आता मशीन नाही. प्रॉमिस करा,” ती म्हणाली. मी तिला सांगितले की मशीन निर्दोष आहे. “मग काय झालं?” तिने विचारले, आणि मी फोन आदळला. इतरांच्या खोट्याला मी खोटे म्हणत होतो आणि माझे खोटे त्यांच्याहून मोठे होते. ते मी पाच आठवडे पोसले.

रक्ताचे डाग पडलेली गोधडी पत्नीने गुंडाळून कपाटावर टाकली. ती वर्गाला गेली नाही. विचारले तर म्हणे, थंडी आहे. मला वाटले, घाबरली असेल; घाव भरेल, भीती जाईल. मार्च उजाडला. विमानाला तीन आठवडे उरले.

एके सकाळी मी दाढी अर्धवट टाकून बाहेर आलो, कारण स्वयंपाकघरातून ठोकल्यासारखा आवाज येत होता. ती ओट्याशी उभी होती. उजवा हात ओट्यावर पसरलेला, आणि डाव्या हातात लाटणे. ती तो हात ठेचत होती. संथपणे, एकामागून एक, खलबत्त्यात लसूण ठेचावा तशी. मनगटापासून बोटांपर्यंत हात काळानिळा पडला होता. काही व्रण जुने, पिवळे झालेले होते. म्हणजे ती रोज हे करत होती. लांब बाह्यांचा स्वेटर तिने एवढ्यासाठीच घातला होता.

मी लाटणे हिसकावले. तिने ते सोडले नाही. आम्ही झटलो, माझी मोडकी बरगडी पेटली.

“सोडा! ह्याला काही लागत नाही. ह्याला काहीच लागत नाही!” ती म्हणाली. “ह्यानंच कापड ओढलं. तिरकं ओढलं म्हणून सुई तुटली. बाळाला हातात घेईन आणि ह्या हातातून खाली पडेल तेव्हाही ह्याला कळणार नाही. मी मुलीला सांगणार आहे, मी येत नाही.”

माझ्याबद्दल कोणी काहीही सांगावे, परंतु त्या क्षणी मी थांबलो असे कोणी सांगू नये. मी कपाटावरून गोधडी खाली ओढली, ओट्यावर अंथरली, आणि सुरीने तिचे पोट फाडले. आईच्या लुगड्याचा तो भाग रक्ताने कडक झाला होता. आतून भाकरी काढली. तिच्या मधोमध, काळा ठिपका दिसावा तसे, सुईचे टोक रुतलेले होते.

“तुझ्या हातानं नाही,” मी म्हणालो. “हे मी ठेवलं होतं. आईची रीत म्हणून. तू मध्यापासून सुरू करशील हे मला सुचलं नाही. भाकरीनं सुई वाकवली, वाकलेली सुई खालच्या पोलादी पट्टीवर आपटली आणि तुटली. मशीनचा दोष नाही. हाताचा नाही. मला तिथेच, हॉस्पिटलमध्येच, माहीत होतं.”

तिने तुकडा डाव्या हातात घेतला. टोकावरून अंगठा फिरवला.

“पाच आठवडे,” ती म्हणाली.

“हो.”

“भाऊजी ऐकतील म्हणून?”

“हो.”

तिने मला मारले. उघड्या डाव्या पंजाने, अर्ध्या दाढीच्या फेसावर. माझे डोके कपाटाच्या दाराला लागले आणि कानात शिटी वाजू लागली. बावन्न वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर प्रथमच हात उचलला होता. दुसरी बसली तेव्हा मी तयार होतो, तरीही गुडघ्यांवर आलो. त्या हाताने दोन वर्षे दोन हातांचे काम केले होते. त्याचा जोर मला त्या दिवशी कळला.

मग ती बेसमेंटमध्ये गेली. नंतर पायऱ्यांवर तिची पावले, एक पाऊल, थांबणे, दुसरे पाऊल. मी उठून जिन्याकडे गेलो नाही. तेवढे मला कळत होते. ती मशीन घेऊन वर आली. प्लास्टिकचे अंग कोपऱ्यात तडकलेले होते, दोऱ्याची दांडी वाकलेली होती. मी दांडी सरळ केली, सुईची दिशा तपासली, तेल दिले, नवी सुई बसवली. पेडल तिने दाबले. धातूचा सांगाडा बारा पायऱ्या सोसून तसाच होता. टीप दोऱ्यासारखी सरळ आली. दोनशे टाक्यांच्या त्या पडद्याला बारा पायऱ्या दाखवून पाहाव्यात, असे माझे भावाला अजूनही आव्हान आहे.

“भाकरी करा,” पत्नी म्हणाली. “ह्या वेळी माणसानं खायची करा. मऊ. आणि नखाएवढीच.”

मी केली. तिने तुकडा स्वतः ठेवला, मी फाडलेले पोट उरलेली पट्टी जोडून झाकले आणि माझ्याकडून त्याच्याभोवती खडूने चौकोन आखून घेतला. मग ती त्या चौकोनाबाहेरून टीप मारत गेली, मध्यापासून कडेकडे. तो डाग आम्ही दोनदा धुतला. तरी हिरव्या किनारीजवळ तपकिरी राहिला आहे.

विमानतळावर तपासणीच्या ठिकाणी पट्ट्यावर मशीन ठेवायला एक अधिकारी पुढे सरसावला. तिने कोपराने त्याला बाजूला केले आणि ते स्वतः ठेवले. बाळ आता त्या गोधडीवर निजते, आणि आजीच्या उजव्या हातातून ते पडलेले नाही. ती त्याला डाव्या हाताने धरते आणि उजवा खाली उशीसारखा ठेवते.

ही सर्व हकिकत मी भावाला फोनवर सांगितली. आम्ही त्या शनिवारनंतर प्रथमच बोलत होतो. त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. नवे दात बसवल्यापासून त्याचा ‘स’ शिट्टीसारखा येतो.

“म्हणजे दोष तुझा,” तो म्हणाला.

“माझा.”

“मला उगाच मारलंस.”

“उगाच नाही. तू मशीन फेकलंस.”

“दादा, ते खेळणंच होतं,” तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला. पुढच्याच आठवड्यात हॉलमध्ये त्याने तीच जुनी गोष्ट पुन्हा सांगितल्याचे माझ्या कानावर आले. म्हणून हे लिहिले. भाकरीचा तो पहिला तुकडा मी ठेवलेला आहे, दिवाणखान्यातल्या टेबलाच्या वरच्या खणात, टोकासकट. ज्याला शंका असेल त्याने घरी यावे आणि अंगठा फिरवून पाहावा. भावाने आधी यावे.